परसोजी भोसले : केवळ रूपावरून निदान?

दुसऱ्या रघुजींच्या निधनानंतर मार्च १८१६ मध्ये नागपूरच्या गादीवर आलेले परसोजी भोसले अंध, पक्षाघाताने पंगू व मंदबुद्धीचे होते, असे इतिहासकार सांगतात. तिन्ही रूपे एकाच व्याधीची मानल्यास वैद्यबंधूंना भावप्रकाशातील फिरंग चटकन आठवेल. जीर्ण फिरंग दृष्टी, चेष्टा व बुद्धी या तिन्हींना ग्रासू शकतो, हे आधुनिक वैद्यकासही मान्य आहे. तर्क आकर्षक खरा. परंतु निदानपंचकातील एकट्या रूपावर विसंबून मृतावर असा ठपका ठेवणे शास्त्रसंमत नव्हे. वारंवार होणारा पक्षाघातही जवळजवळ हेच चित्र उभे करतो. शिवाय अंधत्व व पंगुत्व दुरूनही दिसते. धी, धृती व स्मृती यांची परीक्षा मात्र रुग्णाजवळ बसूनच करावी लागते.

येथे तर साऱ्या राज्याचा प्रश्न होता. राजा अक्षम ठरल्यामुळेच चुलतबंधू आप्पासाहेबांच्या हाती कारभार आला व २७ मे १८१६ रोजी त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी शय्येवर मृतावस्थेत आढळले. पक्षाघाती रुग्ण अकस्मात दगावू शकतो, हे आपण जाणतोच. इंग्रजांनी मात्र पुढे आप्पासाहेबांवर खुनाचा आरोप ठेवला.