गच्चीचा ठेका देण्यापूर्वी

व्यापाऱ्याच्या हातून आयुष्यात हजारो सौदे होतात. त्यांतील बहुतेकांत माल डोळ्यांपुढे असतो. कापूस मुठीत दाबून पाहता येतो, संत्रे फोडून चाखता येते, तुरीचा दाणा दाताखाली धरता येतो. इमारतीचा ठेका मात्र निराळा. येथे सौदा आज ठरतो व माल मागाहून तयार होतो. आणि एकदा सिमेंट ओतले की आतील लोखंड पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. म्हणून या व्यवहारात मालाआधी माणसाची पारख करावी लागते.

हा विषय आज घेण्यास कारण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्याकडे गेले आणि पांढुर्णा व सौंसर हे आपले मराठी मुलूख मध्यप्रदेशातच राहिले. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. जुन्या पेढ्यांवरील कवेलू उतरवून तेथे पक्की गच्ची घालावी, वर माडी चढवावी, असा विचार आपल्यापैकी कित्येकांच्या घरी चालला आहे. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

प्रथम भार लक्षात घ्यावा. पाच इंच जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस फुटास सुमारे २९ किलो भरते. वीस फूट रुंद व तीस फूट लांब गच्ची म्हणजे जवळजवळ साडेसतरा टन ओझे, आणि तेही माणसे व माल चढण्यापूर्वीचे! आजोबांच्या काळच्या मातीच्या जोडाईच्या भिंती हे पेलतील काय? शिवाय आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेव्हा ठेकेदारास पहिला प्रश्न पायाविषयी विचारावा. जो जुनी भिंत एका ठिकाणी उकरून पाया पाहू इच्छितो आणि अभियंत्याचा नकाशा मागतो, तो जाणता. जो रस्त्यावर उभा राहूनच “होऊन जाईल, शेठजी” म्हणतो, त्यास नम्रपणे निरोप द्यावा.

दुसरी गोष्ट, त्याचे जुने काम पाहावे. नवे काम सर्वांचेच सुंदर दिसते. तीन-चार पावसाळे खाल्लेली गच्ची पाहावी, आणि तीही श्रावणात, झड लागून गेल्यावर. मालकाशी ठेकेदाराच्या गैरहजेरीत बोलावे. ठरलेली रक्कम शेवटी किती झाली? हिशेब चुकता झाल्यावर बोलावले असता तो परत आला काय? मजुरांची मजुरी त्याने वेळेवर दिली काय? या तीन उत्तरांत माणूस कळतो. सिमेंट-लोखंडाच्या दुकानी त्याची उधारी कशी चालते, हे तर आपणांस घरबसल्या समजण्याजोगे आहे.

नागपूरहून येणाऱ्या ठेकेदाराने जीएसटी क्रमांक दिल्यास तो शासनाच्या संकेतस्थळावर पडताळावा. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. मध्यप्रदेशाचे २३ व महाराष्ट्राचे २७. पुढील दहा अक्षरे म्हणजे त्याचा पॅन. लहान मिस्त्रीस असा क्रमांक नसणे हा दोष नव्हे. परंतु दुसऱ्याचा क्रमांक आपला म्हणून सांगणे हा मोठाच दोष होय.

आता दराविषयी. आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याने तीन दर मागवले आणि सर्वांत कमी दराचा ठेका दिला. काम अर्ध्यावर आल्यावर समजले की, त्या दरात सेंटरिंग नव्हते, जिना नव्हता, गच्चीचा कठडाही नव्हता. शेवटी खर्च सर्वांत जास्त दराच्याही पुढे गेला. म्हणून दर तोलण्यापूर्वी ते एकाच मापाचे आहेत काय ते पाहावे: सामानासह की केवळ मजुरीवर, मोजणी कशी धरणार, पाणी व वीज कोणाची. कमी दराची तूट भरून काढण्यास ठेकेदाराजवळ दोनच जागा असतात, सिमेंट आणि लोखंड.

येथे आपला तराजू कामी येतो. १२ मिलिमीटर जाडीच्या सळईचे वजन दर मीटरला ०.८८८ किलो असावे; म्हणजे बारा मीटरची पूर्ण सळई सुमारे १०.६५ किलो. शेकडा पाचाच्या आसपास फरक चालतो, त्याहून मोठी घट आली तर माल परत करावा. मग कामाची परीक्षा घेणारे दोन प्रश्न विचारावेत. सिमेंटच्या पोत्यास पाणी किती घालणार? एम-२० या साध्या प्रमाणात ५० किलोच्या पोत्यास ३० लिटरपर्यंत पाणी ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. “लागेल तेवढे” हे उत्तर घातक होय. स्लॅबखालील टेकू केव्हा काढणार? साध्या पोर्टलंड सिमेंटच्या स्लॅबला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यास किमान ७ दिवस व त्याहून मोठ्या गाळ्यास १४ दिवस. मिश्र सिमेंट असल्यास अधिक. आपल्या वैशाखाच्या उन्हात तराई किमान दहा दिवस अखंड चालली पाहिजे. सेंटरिंगचे सामान दुसऱ्या कामावर न्यायची घाई झालेला ठेकेदार येथेच ओळखू येतो.

ही घाई केवळ पैशाचा प्रश्न नाही. अवेळी टेकू निघून गच्ची खचते, तेव्हा तिच्याखाली ठेकेदार नसतो. असतो तो टेकू काढणारा मजूर. मचाण कसले, उंचीवरील माणसास दोर व शिरस्त्राण आहे काय, आणि अपघात झाला तर भरपाई कोण देणार, हे सौद्याच्या वेळीच विचारणे आपले कर्तव्य आहे. ज्या गच्चीवर आपली मुले पतंग उडवतील, ती कोणाच्या आकांतावर उभी राहू नये.

ठरले ते सर्व मुद्रांकावर लिहून घ्यावे. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत, पैसा कामाच्या पुढे धावू देऊ नये, आणि शेकडा पाच ते दहा रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. विलंबाची भरपाई लिहिताना ती वाजवी असावी. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच देते. राहत्या घराचे बांधकाम २०१९ च्या ग्राहक कायद्यात ‘सेवा’ गणले जाते. दुकान वा गोदाम व्यापारी हेतूचे, म्हणून तेथे हा आधार बहुधा मिळत नाही. तेथे लेखी करारच आपले कवच. नगरपालिकेची परवानगी मात्र आपल्या नावाची असते. ती ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नये.

शेवटी एक निवेदन. चांगला ठेकेदारही आपली चौकशी करीत असतो. हा शेठ हप्ता वेळेवर देतो काय, मध्येच नकाशा बदलून जुन्याच दरात काम मागतो काय, हे तोही बाजारात विचारतो. आपल्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या पतीवर चालल्या. ती पत जशी आपण दुसऱ्याची तपासतो, तशी आपलीही राखावी. मग उत्तम कारागीर शोधावा लागणार नाही. तो आपण होऊन आपल्या ओट्याशी येईल.