नाव झाका, की नावं मोजा?

दोन अर्ज घ्या. पदवी तीच, अनुभव तोच, काना-मात्रेचाही फरक नाही. बदललंय फक्त आडनाव. मुलाखतीचं बोलावणं दोघांनाही येईल ना?

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी हेच करून पाहिलं. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना असे हजारो अर्ज धाडले. २००७ साली निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय आडनावाची संधी १ धरली, तर दलित आडनावाची ०.६७ आणि मुस्लीम आडनावाची अवघी ०.३३! गुणवत्तेपर्यंत नजर पोचायच्या आतच निकाल!

मग नावच झाकलं तर? स्पर्धा परीक्षांत ते होतंच की! वर्णनात्मक पेपरात उत्तराच्या पानांवर नाव लिहायचं नाही, ओळख पटेल अशी खूणही करायची नाही. गडहिंग्लजच्या शेतकऱ्याची लेक कोण आणि मुंबईच्या साहेबांचे चिरंजीव कोण, तपासणाऱ्याला पत्ताच नाही.

मिटला प्रश्न? थांबा. फ्रान्समध्ये सरकारी रोजगार सेवेनं कंपन्यांना बिननावाचे अर्ज दिले, तर स्थलांतरित घरांतल्या उमेदवारांना येणारी बोलावणी उलट घटली! स्वखुशीनं प्रयोगात उतरलेल्या कंपन्या मुळातच त्यांना जास्त संधी देत होत्या. नाव दिसेना, तसं सांभाळून घेणंही थांबलं.

आता कोल्हापुरात या. १८९४ साली शाहू महाराजांच्या हाती कारभार आला, तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. इथं नावं झाकून काय साधलं असतं? शाळाच न पाहिलेला माणूस अर्ज करणार कधी? भोकं कितीही सारखी असोत, चाळणीत पडेल तेच चाळलं जाणार!

महाराजांनी मग उलटी चाल केली. १९०१ पासून वसतिगृहं उभी राहू लागली. २६ जुलै १९०२ ला हुकूम निघाला: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० मागासलेल्या वर्गांना. महाराज तेव्हा होते इंग्लंडात! आणि खरी कमाल हुकमाच्या शेपटाला आहे. प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी झालेल्या नेमणुकांचा तक्ता सादर करायचा. नुसता हुकूम सोडून मोकळे झाले नाहीत, हिशेबही मागितला!

आज एकाच सरकारी भरतीत या दोन्ही युक्त्या गुण्यागोविंदानं नांदतात. पेपर तपासताना नाव झाकलेलं, निवड यादी लावताना प्रवर्ग उघड. पहिली युक्ती आलेल्यांना न्याय देते, दुसरी न आलेल्यांची वाट मोकळी करते.