नाक दाबलं की ‘मामा’चा ‘बाबा’ होतो

करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि ‘मामा’ म्हणा. समोरच्याला ‘बाबा’ ऐकू येईल, कारण ‘म’ला नाकातून वाट लागते. टाळू दुभंगलेल्या मुलाचं उलटं होतं. ते ‘बाबा’ म्हणायला जातं, हवा नाकातून निसटते आणि ऐकू येतं ‘मामा’सारखं काहीतरी. स्पीच थेरपिस्ट अशा मुलाच्या नाकाखाली छोटा आरसा धरते आणि ‘पापा’ म्हणायला लावते. आरसा धुरकटला, की हवा कुठून पळतेय ते आईलाही दिसतं. वीज नको, मशीन नको. शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही पाड्यावर जमेल.

अंगणवाडीत येणारी ‘आरबीएसके’ची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी ओळखीची आहे ना? ही देशभरची योजना फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाली, आणि तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं! पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. जन्मजात बहिरेपणा, दुभंगलेले ओठ, उशिरा बोलणं, सगळं त्यांच्या यादीत आहे. तेव्हा ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणत थांबू नका. बाळाच्या कानांचा हिशेब १-३-६ असा: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू.

आणि जीभ हलकी व्हावी म्हणून मधात वेखंड उगाळून चाटवणं? त्याने बोलणं सुधारत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नये.

थेरपिस्ट गिळायलाही शिकवते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आडवं धरून पेज भरवली तर ती श्वासनलिकेत उतरू शकते, मग छातीचं दुखणं मागे लागतं. म्हणून पाठ ताठ, हनुवटी जराशी खाली, चमचा समोरून. पेज किती दाट, तेही तीच ठरवते.

माझ्या मते या भागात सगळ्यात मोलाचं काम बोलीचं आहे. घरात कातकरी, वारली नाहीतर ठाकरी आणि शाळेत पुस्तकी मराठी. मूल आपल्या बोलीत सफाईने बोलत असेल, तर त्यात दोष नाहीच. आणि खरोखर अडलं असेल, तर पहिले शब्द आईच्या तोंडचेच हवेत. दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, थेरपी तुटते. मग आईलाच युक्ती द्यावी लागते: पाण्याचा पेला मुलाला दिसेल असा धरायचा, नाव एकदाच घ्यायचं आणि गप्प राहून मनात दहा मोजायचे. मुलाने बघितलं, हात केला, नुसतं ‘पा’ म्हटलं तरी लगेच पाणी द्यायचं. ही दहा आकड्यांची शांतता आयांना फार जड जाते, पण सगळी जादू तिच्यातच आहे.

बोलताच येत नसेल तर? आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत अॅप आहे. चित्रावर बोट ठेवलं की फोन मराठीत बोलतो.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि वाचा-भाषेच्या अपंगत्वाला स्वतंत्र जागा मिळाली. लकव्याने वाचा गेलेले आजोबाही त्यात येतात. गंमत म्हणजे स्वतःचं नाव सांगता न येणारा असा माणूस कधीकधी आख्खी आरती चालीवर म्हणतो! वर्षानुवर्षं घोटलेलं गाणं मेंदूत वेगळ्या वाटेने टिकून राहतं, आणि चालीचा आधार घेणारी उपचारपद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे. तेव्हा गणपतीत आजोबांना मागच्या खोलीत ठेवू नका. पुढे बसवा, हातात टाळ द्या.