हिंवाळ्यांतील मरगळ व तिजवरील उपाय

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले म्हणजे एक गोष्ट दरवर्षीं आमच्या दृष्टीस पडते. श्रावण-भाद्रपदांत चिखल तुडवीत वेळेवर शाळेंत येणारीं मुलें याच दिवसांत उशिरां येऊं लागतात. रांगेंत हात बगलेंत घालून उभीं राहतात, पहिल्या तासाला जांभया देतात. मधल्या सुटींत मैदान रिकामें पडतें आणि भिंतीच्या कडेला, उन्हाच्या पट्ट्यांत, सारी मंडळी कोंबडीच्या पिलांप्रमाणें एकमेकांस बिलगून बसलेली असते. "कां रे, खेळत कां नाहींस?" असें विचारिलें तर उत्तर येतें, "कांहीं करावेंसेंच वाटत नाहीं, सर." हें उत्तर आम्हांस विचार करावयास लावणारें वाटतें. 'थंडी वाजते' असें तो मुलगा म्हणत नाहीं; 'करावेंसें वाटत नाहीं' असें म्हणतो. म्हणजे थंडी नुसती अंगाला लागलेली नसून मनालाहि लागलेली आहे. अंगाच्या थंडीवर घोंगडीचा उपाय आहे. मनाच्या थंडीवर कोणता उपाय आहे, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं करावा, एतदर्थ हा लेख लिहिला आहे.

प्रथम आमच्या खानदेशची थंडी कोठून येते तें पाहूं. भडगांव समुद्रापासून दूर, गिरणेच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. पावसाळा सरला कीं येथील हवा कोरडी होते व आकाश निरभ्र राहतें. दिवसा जमीन तापते खरी, परंतु रात्रीं तिची उष्णता अडवून धरावयास ढगांचें पांघरूण नसतें. ती झपाट्यानें आकाशांत निघून जाते. त्यांतच उत्तरेकडील गार वारे वाहूं लागतात. यामुळें वैशाखांत जेथें पारा ४५ अंशांच्याहि वर चढतो, तेथेंच पौषांतल्या कांहीं पहांटे तो १० अंशांच्या खालीं उतरतो. थंड हवा जड असल्यामुळें ती खोलगट जागीं व नदीकांठीं साचते. म्हणून मळ्यांतील केळीची वाढ या दिवसांत खुंटते व तिचीं पानें पिवळीं पडतात, हें शेतकऱ्यांच्या मुलांना सांगावयास नकोच.

दुसरें कारण उजेडाचें. भडगांवीं जूनच्या अखेरीस दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा असतो. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास तो जेमतेम अकरा तासांचा उरतो. लंडन शहरीं तोच दिवस आठ तासांहूनहि लहान असतो आणि ध्रुवाजवळच्या प्रदेशांत तर कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाहीं. अशा देशांत पुष्कळ लोकांना हिंवाळ्यांत उदासपणा येतो, झोंप व भूक अवाजवी वाढते, आवडत्या कामांतहि मन रमत नाहीं. हा एक निश्चित आजार आहे, असें अमेरिकेंतील डॉ. नॉर्मन रोझेंथल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८४ सालीं दाखवून दिलें, आणि रोज सकाळीं प्रखर दिव्यासमोर बसविण्याचा उपचार त्यावर सुरू झाला. त्याचें मर्म असें: आपल्या मेंदूंत एक घड्याळ आहे. डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड त्या घड्याळाला रोज किल्ली देतो. अंधार पडला कीं मेलॅटोनिन नांवाचा झोंपेचा रस शरीरांत वाढतो व उजेड पडला कीं तो ओसरतो. सकाळचा उजेड मिळाला नाहीं तर हें घड्याळ मागें पडतें. मग माणूस उठून बसला तरी त्याचें मन अंथरुणांतच असतें.

आतां येथें एक विचारण्यासारखी गोष्ट आहे. लंडनच्या मुलाला ऊन मिळत नाहीं, तो त्याचा नाइलाज होय. परंतु खानदेशांत हिंवाळ्यांतहि सूर्य दिवसभर लखलखीत तळपत असतो! तो आपल्यापासून दूर गेलेला नसून आपणच त्याच्यापासून दूर बसतों. रात्रीं उशिरांपर्यंत मोबाईलचा उजेड डोळ्यांवर घ्यावयाचा, सकाळीं दारें-खिडक्या लावून गोधडींत गुरफटून पडावयाचें आणि मग 'उत्साह वाटत नाहीं' म्हणून तक्रार करावयाची, अशी आपली रीत झाली आहे. आमच्या मतें आपल्याकडील बहुतेक मुलांची हिंवाळ्यांतील मरगळ ही ऋतूनें दिलेली नसून आपणच ओढवून घेतलेली आहे. म्हणूनच ती घालविणेंहि आपल्या हातचें आहे.

ज्यांच्या वाट्याला खरोखरीच अंधार आला त्यांनीं काय केलें, हें पाहण्यासारखें आहे. 'बेल्जिका' नांवाचें जहाज १८९७ सालीं दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशाच्या शोधार्थ निघालें व १८९८ च्या मार्चमध्यें बर्फांत अडकून पडलें. मे महिन्याच्या मध्यास सूर्य मावळला, तो सुमारें सत्तर दिवस उगवलाच नाहीं. खलाशी निस्तेज झाले. कोणी बोलेनासा झाला, कोणाला भ्रम झाला, एका अधिकाऱ्याचा अंतहि झाला. जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कूक यांनीं आजाऱ्यांना रोज तासभर भट्टीच्या धगीसमोर व उजेडासमोर उभें केलें, सील व पेंग्विन यांचें ताजें मांस खावयास लाविलें आणि जहाजाभोंवतीं बर्फावर नेमानें चालावयास लाविलें. उजेड, ताजें अन्न व चालणें एवढाच काय तो उपचार. परंतु त्यानें माणसें सांवरलीं व १८९९ सालीं जहाज बर्फांतून सुटलें.

सर अर्नेस्ट शॅकल्टन यांची हकीकत याहूनहि बोधप्रद आहे. त्यांचें 'एंड्युरन्स' जहाज १९१५ च्या जानेवारींत दक्षिणेकडील वेडेल समुद्राच्या बर्फांत रुतलें. पुढें अंधाराचे महिने येणार हें ओळखून त्यांनीं कामाच्या वेळा नेमून दिल्या, त्याचप्रमाणें खेळाच्याहि. त्या बर्फावर फुटबॉल व हॉकी यांचे सामने झाले, कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यती लागल्या, ऐन मध्यहिंवाळ्याच्या दिवशीं सोंगें व गाणीं झालीं. नोव्हेंबरांत जहाज बुडालें. त्यापूर्वीं तें सोडतांना सामान टाकून द्यावें लागलें. तरी एका गड्याचा बँजो मात्र त्यांनीं मुद्दाम बरोबर घेवविला. १९१६ च्या ऑगस्टअखेर त्या जहाजावरील अठ्ठावीसही माणसें जिवंत सुटलीं. खेळ ही चैन नसून शिध्याइतकीच गरजेची वस्तु आहे, हें त्या नायकानें ओळखिलें होतें.

ही दूरच्या लोकांची गोष्ट झाली असें कोणी म्हणेल. परंतु आपले देशबांधवहि यांत मागें नाहींत. १९८३-८४ मध्यें भारतानें अंटार्क्टिकावर 'दक्षिण गंगोत्री' हें ठाणें उभारिलें आणि १९८४ सालीं बारा जणांची तुकडी तेथें पहिल्यानेंच संबंध हिंवाळाभर राहिली. पुढें १९८९ मध्यें 'मैत्री' व २०१२ मध्यें 'भारती' हीं ठाणीं झालीं. त्यांचा कारभार आपल्या शेजारच्या गोव्यांतील वास्को येथील संस्थेकडून चालतो. तेथें हिंवाळा काढणाऱ्यांना सुमारें दोन महिने सूर्यदर्शन घडत नाहीं. स्वयंपाक व झाडलोट आळीपाळीनें करीत ते तो काळ निभावून नेतात. ज्याला काम नेमून दिलेलें आहे व ज्याची कोणी वाट पाहत आहे, त्याला उदास होऊन पडून राहावयास सवडच मिळत नाहीं.

आतां आपल्या मैदानाकडे येऊं. आपले स्नायू काम करूं लागले कीं त्यांत खर्च होणाऱ्या शक्तीपैकीं सुमारें पाऊण भाग उष्णतेच्या रूपानें बाहेर पडतो. थंडीनें अंग थरथरतें तेंहि स्नायूंनीं ऊब निर्माण करावी म्हणूनच. मग व्यर्थ थरथरण्यापेक्षां खेळून ती ऊब कां मिळवूं नये? त्यासाठीं पैसा लागतो असेंहि नाहीं. हुतूतू, खोखो, आट्यापाट्या, लंगडी यांना चुन्याची वा पाण्याची एक रेघ पुरते. विसाव्या शतकाच्या आरंभीं पुण्याच्या मंडळींनीं हुतूतू व खोखो यांना नियमांची शिस्त लाविली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तुकडीनें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळ व कसरती करून दाखविल्या. हे खेळ अंग तापवितातच, परंतु मनालाहि मोकळें करतात. हुतूतूंत एका दमांत समोरच्या गोटांत शिरलेल्या गड्याला गणिताच्या पेपराची काळजी करावयास फुरसत कोठून मिळणार?

याला रविवारच्या भ्रमंतीची जोड द्यावी. चाळीसगांवच्या दक्षिणेस सुमारें अठरा किलोमीटरांवर पाटण्याची चंडिकादेवी आहे. सभोंवतीं अजिंठ्याच्या रांगा, वर कन्हेरगड, जवळच पितळखोऱ्याचीं लेणीं. याच पाटण्यास भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून मठ स्थापिला. तसा १२०७ सालचा शिलालेख तेथें सांपडला आहे. लीलावतींतील गणितें रडतरखडत सोडविणाऱ्यानें एकदां तरी त्या डोंगरांत पायीं हिंडून यावें. उत्तरेकडे जावयाचें तर सातपुड्याच्या पायथ्याशीं अडावदजवळ उनपदेवाचें गरम पाण्याचें कुंड आहे. एरंडोल तालुक्यांतील फरकांडें झुलत्या मनोऱ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. कांहींच न जमलें तर आपली गिरणा आहेच. मात्र नदींत उतरतांना सावध असावें. वाळूच्या उपशानें पात्रांत खोल खड्डे झालेले आहेत आणि गिरणा धरणांतून आवर्तन सुटलें म्हणजे कोरड्या पात्रांत पाणी अवचित येतें. मोठ्या माणसावांचून जाऊं नये. साहस व अविचार यांत भेद आहे.

मनाच्या कणखरपणाविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. थंडींत उघड्या अंगानें उभें राहणें म्हणजे कणखरपणा नव्हे. इच्छा नसतांनाहि ठरलेल्या वेळीं अंथरूण सोडणें, ही त्याची पहिली पायरी. 'उत्साह आला कीं उठेन' असें म्हणणारा कधींच उठत नाहीं. आधीं उठावें, तोंड धुवावें, अंगणांत यावें. उत्साह मागाहून पावलांबरोबर येतो. पहिलीं पांच मिनिटें तेवढीं अवघड असतात. तीं जिंकलीं कीं दिवस आपला.

परंतु याच विषयांत आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका हिंवाळ्यांत एक विद्यार्थी खेळावयास येईनासा झाला. वर्गांत मान खालीं घालून बसे. आम्हीं त्याला आळशी ठरविलें व चारचौघांत बोललों. पुढें त्याच्या मित्राकडून कळलें कीं, त्यांचा कापूस बुडाला होता, घरांत कर्जाची चिंता होती आणि तिघां भावंडांत मिळून एकच पांघरूण असल्यामुळें त्याची रात्र जागण्यांतच जात होती. आम्हांला आमची लाज वाटली. पांघरुणाची व्यवस्था गुपचूप झाली. खेळावयाचा आग्रह न करतां खोखोच्या सामन्यांत गुण मांडण्याचें काम आम्हीं त्याला दिलें. आठ-दहा दिवसांनीं गडी कमी पडला म्हणून तो आपण होऊनच पाटावर बसला. त्या दिवसापासून 'आळशी' हा शब्द उच्चारण्यापूर्वीं आम्ही चौकशी करतों. विद्यार्थ्यांनींहि हें ध्यानांत ठेवावें. उदास मित्राला हंसूं नये. त्याला बोलवावें, तो आला नाहीं तर त्याच्याजवळ जाऊन बसावें. आणि उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, झोंप-भूक उडाली किंवा जीव नकोसा वाटूं लागला, तर तें त्याच दिवशीं आईवडिलांस वा शिक्षकांस सांगावें व डॉक्टरांकडे जावें. मनाचा आजार तापासारखाच असतो. त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं व तो नुसत्या धीरानें बरा होईल असेंहि नाहीं.

पालकांस आमची विनंती थोडी आहे. परीक्षा जवळ आली म्हणून मुलांचा खेळ बंद करूं नये. तासभर खेळून आलेला मुलगा जें एका तासांत वाचतो, तें पेंगत बसलेल्याला दोन तासांत साधत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. मुलींनाहि मैदान मोकळें असावें; पहांटे पाणी भरणें व झाडलोट यांनाच त्यांचा व्यायाम समजूं नये. बाजरीची भाकरी, तीळ-गूळ आणि आपल्या मळ्यांतलें वांग्याचें भरीत, ही हिंवाळ्याची मेजवानी देवानें आपल्या दारींच ठेविली आहे. पऱ्हाट्यांवर वांगीं भाजून शेतांत सर्वांनीं एकत्र बसून खाल्लेलें भरीत कोणत्याहि औषधाहून कमी नाहीं. शेकोटी मात्र उघड्यावरच असावी. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजल्यास विषारी वायूनें झोंपेंतच मृत्यु ओढवतो.

हा अंक तुमच्या हातीं पडेल तेव्हां बहुधा उन्हाळ्याची चाहूल लागलेली असेल व थंडीची आठवणहि गोड वाटूं लागेल. तरी हीं पानें जपून ठेवावीं. पुन्हा पौष येईल, पुन्हा गोधडी ओढून धरील. त्या दिवशीं विद्यार्थिमित्रहो, एवढेंच करा: उठा, दार उघडा व बाहेर या. मैदानावर आम्ही तुमची वाट पाहत असूं.