मोतीसाठी केलेली सही

बँकेच्या सेवेत असताना हजारो कागदांवर सह्या केल्या. कर्जमंजुरीच्या, तारणाच्या, प्रसंगी जप्तीच्याही. हात कधी थबकला नाही. निवृत्तीनंतर मात्र पशुवैद्यकांच्या टेबलावरील अर्ध्या पानाच्या संमतिपत्रापुढे तो थबकला. माझ्या १३ वर्षांच्या कुत्र्याचे जीवन संपविण्यास माझी संमती आहे, एवढाच त्यातील मजकूर होता.

मोती आमच्याकडे आला तो सांगलीच्या पेठेतील बंधूंच्या दुकानातून. एका पावसाळ्यात हळदीच्या पोत्यांआड कुडकुडत बसलेले ते पिल्लू माझ्या पत्नीने पदराखाली घेतले आणि ते घरचेच झाले. तेराव्या वर्षी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. सलाईन, औषधे, पथ्याचे खाणे असे सारे झाले. अखेर डॉक्टर म्हणाले, "आता बरे होणे नाही. त्रास असह्य झाला, तर त्याला शांतपणे जाऊ देता येईल. निर्णय तुमचा."

त्या रात्री पत्नीने विचारले, "अहो, जो जीव आपल्याला देता येत नाही, तो घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही पुरते नाही.

आपल्या परंपरेची भूमिका स्पष्ट आहे. प्रत्येक जीवाचे आयुष्य त्याच्या आयुष्यकर्माने बांधलेले असते. ते मधेच तोडणे ही हिंसाच. सल्लेखना ही स्वतः जाणीवपूर्वक स्वीकारायची असते. ती दुसऱ्याला देता येत नाही. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी पांजरपोळ उभारले आणि थकलेल्या, निरुपयोगी जनावरांचीही शेवटच्या श्वासापर्यंत सेवा केली.

हा पेच मात्र नवा नाही. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते. उपचार थकले, कूस बदलणेही त्याला यातनामय झाले. आश्रमवासीयांशी विचारविनिमय करून महात्मा गांधींनी डॉक्टरांकरवी इंजेक्शन देववून त्याचा अंत घडविला आणि 'नवजीवन'मधून ते जाहीरपणे लिहिले. त्यावर उठलेल्या टीकेच्या वादळात जैन समाजातील अनेक जण होते. शल्यचिकित्सकाची सुरी ही हिंसा नव्हे, तसेच निःस्वार्थ बुद्धीने केलेले हे कृत्यही हिंसा नव्हे, असे गांधीजींचे म्हणणे होते. ते सर्वांना पटले नाही. पुढे १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने, ज्या जनावराला जिवंत ठेवणेच क्रूरपणाचे ठरेल, त्याचा अंत करण्याची तरतूद केली. कायद्याने परवानगी मिळते. मनाची शांती मिळत नाही.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारीत राहिलो : संपवायची आहे ती मोतीची वेदना, की ती पाहण्याची माझी वेदना? पहिल्या आठवड्यात प्रामाणिक उत्तर दुसरे होते. जागरणांनी मी थकलो होतो. म्हणून आम्ही थांबलो. डॉक्टरांकडून वेदनाशामके वाढवून घेतली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करू लागलो. तो चार घास खातो का, आपणहून उठतो का, आपल्याला पाहून शेपटी हलवितो का? होकार असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. १४ दिवसांत ११ फुल्या झाल्या. शेवटच्या ४ दिवसांत तर वेदनाशामकांचाही उपयोग होईना. रात्रभर तो कण्हत राही. तेव्हा पत्नीच म्हणाली, "आता त्याला आपल्यासाठी अडवून ठेवायला नको."

सही मी केली, परंतु निर्णय घराने एकत्र घेतला. आधी भुलीचे इंजेक्शन दिले. तो गाढ झोपल्यावर दुसरे. मोतीचे डोके पत्नीच्या मांडीवर होते आणि ती त्याच्या कानाशी नवकार मंत्र म्हणत होती.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. दुधात कुस्करलेली भाकरी त्याच्या ताटलीत वाढण्यास हात पुढे होई. "कुत्राच तर होता," असे म्हणणारे हितचिंतकही भेटले. नातीला मात्र आम्ही मोती गावाला गेला असे सांगितले नाही. तो आजारी होता, बरा होणार नव्हता आणि आम्ही त्याला जाऊ दिले, असे साध्या शब्दांत सांगितले. ती रडली, तिच्यासमवेत आम्हीही मोकळेपणाने रडलो.

चातुर्मासात एका साध्वीजींपुढे मी हे सारे निवेदन केले. त्यांनी माझ्या कृत्याला अनुमोदन दिले नाही. धिक्कारही केला नाही. विराधना घडली असेल तर तिला पुण्य म्हणू नका, आलोचना करा, इतकेच त्या म्हणाल्या. मला तेच योग्य वाटले. ज्या कुटुंबांनी अखेरपर्यंत सेवा करून नैसर्गिक मृत्यूची वाट पाहिली, त्यांना मी वंदन करतो. ज्यांच्यावर आमच्यासारखी वेळ येईल, त्यांना इतकेच सुचवितो, की वेदना कमी करण्याचा प्रत्येक उपाय आधी करून पाहावा, एकट्याने ठरवू नये आणि अखेरच्या क्षणी त्या मुक्या जीवाला परक्या हाती सोडून बाहेर थांबू नये.

त्या वर्षी संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागताना, सर्वांआधी मोतीची मागितली.