निरोप ऐकणे आणि निरोप थांबवणे

आपल्या शरीरातील पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, हे ऐकून काही वाचकांना नवल वाटेल. पेशीच्या पृष्ठभागावर काही खास प्रथिने असतात. बाहेरून आलेला रासायनिक निरोप ती धरतात व आत पोचवतात. त्यांना ग्राही म्हणतात.

असा एक निरोप देणारा पदार्थ अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. तो टोचला की उंदराच्या पिलांचे डोळे लवकर उघडत! १९६२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९८६ साली रिता लेव्ही-मॉन्टालचिनी यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा निरोप मिळाला की पेशी वाढते व विभागते. जखम भरून येण्यास हे हवेच. पण काम झाल्यावरही पेशी वाढतच राहिली तर? म्हणून निरोप थांबवण्याची सोयही पेशीतच आहे.

निरोप धरलेल्या ग्राहीजवळचे पेशीचे आवरण आत वळते व त्याची इवलीशी पिशवी होते. मग आत निवडानिवड चालते. काही ग्राही पुन्हा पृष्ठभागावर परततात. ज्यांना मोडायचे, त्यांना युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण लागलेली असते. गंमत अशी की, पिशवीत गेल्यावरही ग्राहीचे शेपूट बाहेरच राहते आणि निरोप चालूच असतो. म्हणून खूण असलेल्यांना त्या पिशवीतल्या आणखी लहान पिशव्यांत कोंडले जाते. तेव्हाच त्यांचे बोलणे थांबते. शेवटी लयकारिकेत, म्हणजे लायसोसोममध्ये, त्यांचे पचन होते. ही लयकारिका बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द दूव्ह यांनी १९५५ साली उजेडात आणली.

ही व्यवस्था बिघडली तर काय होते, हे स्तनाच्या कर्करोगात दिसते. हर-टू नावाचा ग्राही सहजासहजी मोडला जात नाही. तो पृष्ठभागावर ठाण मांडून बसतो आणि आपल्या जोडीदार ग्राहींनाही तेथेच धरून ठेवतो. काही रुग्णांत त्याची संख्या फार वाढते व पेशी भराभर विभागतात. १९९८ पासून अमेरिकेत त्यावर ट्रास्टुझुमॅब हे औषध वापरात आले. म्हणूनच अशा गाठीची तपासणी करताना डॉक्टर हर-टू पाहतात.

आमच्या भगिनींना एवढेच सांगणे, की स्तनात गाठ लागली तर संकोच न करता डॉक्टरांना दाखवावी. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण ती कोणती, हे घरी बसून कळत नाही.