प्रदर्शनातील वाफेचे इंजिन: जतन आणि जीर्णोद्धार

वाफेचे इंजिन सेवेतून निवृत्त होऊन प्रदर्शनात उभे राहिले म्हणजे त्याचे जतन झाले, असे सामान्यतः मानले जाते. ते पुन्हा चालते करणे ही मात्र निराळी क्रिया आहे. जतनात वस्तू आहे तशी राखावयाची असते. जीर्णोद्धारात तिचे कार्य पुन्हा सुरू करावयाचे असते, आणि त्यासाठी मूळ वस्तूचा काही भाग टाकून द्यावा लागतो.

अमेरिकेतील युनियन पॅसिफिक रेल्वेचे ४०१४ क्रमांकाचे ‘बिग बॉय’ इंजिन हे याचे बोलके उदाहरण होय. १९४१ साली बांधलेले हे इंजिन १९६२ पासून कॅलिफोर्नियातील पोमोना येथे प्रदर्शनात होते. या जातीच्या २५ इंजिनांपैकी ८ शिल्लक राहिली. त्यांतून हेच निवडले जाण्यास तेथील कोरडी हवा पुष्कळ अंशी कारणीभूत झाली. २०१३ साली कंपनीने ते परत मिळविले आणि २०१४ साली वायोमिंगमधील शायेन येथील आपल्या कारखान्यात आणले.

हवेला एवढे महत्त्व येण्याचे कारण उघड आहे. बॉयलरवरील उष्णतारोधक आवरणाखाली ओलावा साचतो व रंगाच्या आड पत्रा गंजून पातळ होतो. म्हणून प्रथम आवरण काढून ध्वनातीत लहरींनी पत्र्याची जाडी मोजतात. झिजलेल्या धूरनळ्या बदलतात. नंतर बॉयलर पाण्याने भरून नेहमीच्या कमाल दाबाहून अधिक दाब देतात. अमेरिकेतील नियमानुसार तो सव्वापट असतो. पाणी फारसे दाबले जात नसल्याने पत्रा फाटला तरी ते केवळ बाहेर पडते. वाफ असती तर स्फोट झाला असता.

या इंजिनात आणखी एक बदल झाला. मूळचे कोळशावर चालणारे हे इंजिन आता तेलावर चालते. मे २०१९ मध्ये, अमेरिकेच्या आरपार जाणाऱ्या पहिल्या लोहमार्गाच्या १५० व्या वर्षानिमित्त, ते स्वतःच्या वाफेवर युटामधील ऑग्डेन येथे गेले.

हे दोन बदल एकाच कोटीतील नव्हेत. धूरनळ्या सेवाकाळातही बदलल्या जात. त्या बदलणे ही जुनीच रीत पुढे चालविणे होय. कोळशाची भट्टी गेली तेव्हा मात्र मूळ रचनेचा पुरावाच नाहीसा झाला. उलटपक्षी, आग राखणे, चढणीवर वाफेचा अंदाज घेणे, हे ज्ञान उभ्या इंजिनापासून मिळत नाही. कोशात नोंदलेली भाषा आणि बोलली जाणारी भाषा यांत जे अंतर, तेच येथे आहे.

तेव्हा निर्णय संख्येवर अवलंबून राहतो. इतर ७ इंजिने प्रदर्शनात असल्यामुळे एकातील पुरावा गमावणे सोसण्यासारखे ठरते. एखाद्या जातीचे एकच इंजिन उरले असेल, तर मात्र ते उभेच राखणे अधिक शहाणपणाचे. चालते करावयाचेच झाल्यास, काढलेल्या प्रत्येक भागाची मोजमापांसह नोंद ठेवणे ही पहिली अट मानली पाहिजे.